ग्रोथ फॅक्टर वाढलाय, पण कशापेक्षा? ओव्हरियन कॅन्सरचं जीन एक्स्प्रेशन पहिल्यांदा मोजणाऱ्यांसाठी

डिसर्टेशनचे विषय वाटले गेले की कुणा ना कुणाच्या वाट्याला हा विषय येतोच, ओव्हरियन कॅन्सर आणि ग्रोथ फॅक्टर जीन्सचं एक्स्प्रेशन, आणि मग रात्री साडेदहाला मेसेज येतो, "ताई, प्रायमर कुठले मागवू?" अरे बाबांनो, प्रायमर ही खूप पुढची गोष्ट. त्याआधी ठरवायच्या दहा गोष्टी आहेत आणि त्या कुणी सांगत नाही म्हणून हे लिहून ठेवतेय. गोवा विद्यापीठात ताळगाव पठारावर एमएस्सी करणारे असोत, बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात थीसिस करणारे रेसिडेंट असोत किंवा डिचोली-पेडण्याकडून रोज कदंबा बसने येणारे प्रोजेक्टवाले असोत, पीसीआर म्हणजे काय एवढं ठाऊक असलं की पुरे.

एक गोष्ट आधीच डोक्यात घालून घ्या. एक्स्प्रेशनचा आकडा, म्हणजे पेशी एखाद्या जीनचा आरएनए किती बनवतेय तो, एकटा काहीच सांगत नाही. तो कायम कशाच्या तरी तुलनेत असतो, आणि तुलना चुकली की मशीन कितीही भारी असू दे, उत्तर चुकतंच. खालच्या सगळ्या पायऱ्या शेवटी त्या एका प्रश्नाभोवतीच फिरतात.

पायरी १: आजार नेमका कुठला?

ओव्हरियन कॅन्सर असं एकच नाव घेतो आपण, पण नुसत्या एपिथेलियल (आवरणाच्या पेशींच्या) प्रकारात हाय ग्रेड सीरस, लो ग्रेड सीरस, एंडोमेट्रिऑइड, क्लिअर सेल, म्युसिनस असे वेगवेगळे आजार आहेत आणि त्यांचे जीन्स एकमेकांशी फारसे जुळत नाहीत. सगळ्यात जास्त पेशंट हाय ग्रेड सीरसचे. टीसीजीए या अमेरिकेतल्या मोठ्या कॅन्सर-जीनोम प्रकल्पाचा पेपर २०११ मध्ये 'नेचर'मध्ये आला, त्यात ४८९ हाय ग्रेड सीरस ट्यूमर होते, आणि ज्या ३१६ चं सिक्वेन्सिंग झालं होतं त्यातल्या ९६ टक्क्यांत टीपी५३ जीनमध्ये म्युटेशन सापडलं. आता लो ग्रेड सीरसमध्ये हे चित्र जवळपास उलटं, तिथे केआरएएस-बीआरएएफ वगैरे जीन्समधली म्युटेशन दिसतात. म्युसिनसमध्ये एचईआर२ हा रिसेप्टर वाढलेला बाकीच्यांपेक्षा जास्त वेळा सापडतो. त्यामुळे पाच प्रकारांचे मिळून वीस सॅम्पल एका ढिगात टाकून सरासरी काढली तर ती कुठल्याच पेशंटची नसते. एकच प्रकार घ्या, सॅम्पल कमी मिळाले तरी चालतील.

पायरी २: कुठला ग्रोथ फॅक्टर, आणि त्याचा रिसेप्टर कुठे?

ग्रोथ फॅक्टर पेशीवरच्या ज्या प्रोटीनला चिकटतो ते रिसेप्टर, आणि चिकटणारा तो लायगंड. यादी मोठी आहे, घाबरू नका, कुटुंबाप्रमाणे बघा. ईजीएफ कुटुंबात ईजीएफ स्वतः, टीजीएफ-अल्फा, अँफिरेग्युलिन, एचबी-ईजीएफ हे ईजीएफआरला जाऊन चिकटतात, न्यूरेग्युलिन-१ ईआरबीबी३ आणि ईआरबीबी४ ला, आणि ईआरबीबी२ म्हणजेच एचईआर२ ला स्वतःचा असा लायगंड सापडलेलाच नाही, तो दुसऱ्या रिसेप्टरशी जोडी जमवून काम करतो. रक्तवाहिन्यांसाठी व्हीईजीएफ-ए. मग आयजीएफ१ आणि आयजीएफ२, एफजीएफवाले, पीडीजीएफवाले, एचजीएफ आणि त्याचा रिसेप्टर मेट, टीजीएफ-बीटा. लायगंडसोबत रिसेप्टरही मोजायचाच, कारण नुसता लायगंड वाढून उपयोग काय, तो घेणारी पेशी तिथे हवी की नको?

एक गोंधळ घरीच सुरू होतो, तो इथेच मिटवून टाकते. "कॅन्सरच्या जीन्सवर काम करतेय" असं सांगितलं की काकी लगेच विचारतात, म्हणजे हे मुलींना पण येणार का गो? बीआरसीए१ आणि बीआरसीए२ मधला जन्मजात बदल आईवडिलांकडून मुलांकडे जाऊ शकतो, ती वेगळी गोष्ट, त्याची रक्ततपासणी वेगळी, काउन्सेलिंग वेगळं. आपण मोजतोय ते त्या गाठीतल्या पेशी आत्ता त्या जीनचा आरएनए किती बनवतायत ते. तो आकडा वारशाने येत नाही.

पायरी ३: लॅबमध्ये जायच्या आधी फुकटचा डेटा बघा

हे घरी बसून होतं. सीबायोपोर्टल या साइटवर जा, टीसीजीएचा ओव्हरियन सीरस डेटा उघडा, आपला जीन टाका. रंगीत चित्र येईल आणि खूप छान वाटेल. आता थांबा. तिथे जो झेड-स्कोर (सरासरीपासून किती दूर ते सांगणारा आकडा) दिसतो तो कशाच्या तुलनेत आहे? दुसऱ्या ट्यूमरांच्या! नॉर्मल टिश्यूच्या नाही. म्हणजे "या पेशंटमध्ये व्हीईजीएफ-ए हाय" याचा अर्थ बाकीच्या कॅन्सर पेशंटपेक्षा हाय, एवढाच. हे न बघता "कॅन्सरमध्ये व्हीईजीएफ-ए वाढतो, संदर्भ टीसीजीए" असं लिहिलेले रिपोर्ट ढिगाने सापडतील.

मग कुणीतरी हुशार म्हणतं की टीसीजीएमधलेच नॉर्मल घेऊया. ओव्हरीच्या आरएनए-सिक्वेन्सिंगमध्ये ते नाहीतच, ब्रेस्ट किंवा लिव्हरमध्ये जसे शेजारचे नॉर्मल टिश्यू मिळतात तसं इथे नाही. म्हणून लोक जीटेक्स या नॉर्मल टिश्यूंच्या डेटाबेसमधली ओव्हरी आणून शेजारी बसवतात, गेपिया सारखी साइट एका क्लिकमध्ये तसा बॉक्सप्लॉट काढून देते. त्यात दोन भानगडी आहेत. जीटेक्सचं टिश्यू वारलेल्या दात्यांकडून घेतलेलं असतं, टीसीजीएचं ऑपरेशनच्या टेबलावरून. मृत्यूनंतर टिश्यू काढेपर्यंत जो वेळ जातो त्यात काही जीन्स वर जातात, काही खाली येतात. झीना नावाच्या साइटवर दोन्ही डेटा एकाच पाइपलाइनमधून पुन्हा मोजलेले मिळतात, त्याने कॉम्प्युटरचा फरक जातो, पण टिश्यू कसं घेतलं हा फरक तसाच राहतो. दुसरी भानगड याहून मोठी आहे, ती पुढच्या पायरीत.

पायरी ४: नॉर्मल म्हणजे काय ते ठरवा

या विषयातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, म्हणून जरा लांबण लावते.

अख्खी ओव्हरी घेतली तर त्यात बहुतेक सगळा स्ट्रोमा, म्हणजे आधार देणारं टिश्यू, असतं, बाहेरून एपिथेलियमचा एकच पातळ थर. आणि ट्यूमर असतो एपिथेलियल. मग ट्यूमर भागिले ओव्हरी असं गणित केलं की एपिथेलियल पेशींचा जो जो जीन आहे तो सगळाच "वाढलेला" दिसणार, कॅन्सर असो नसो, आणि स्ट्रोमाचे जीन्स "कमी झालेले" दिसणार. आयजीएफ१ सारखा स्ट्रोमात बनणारा फॅक्टर कॅन्सरमध्ये घटतो असं कुणी सांगितलं की आधी विचारायचं, तुलना कशाशी केलीस?

त्यात आणखी भर म्हणजे हाय ग्रेड सीरसचे बरेचसे ट्यूमर मुळात ओव्हरीत सुरूच होत नाहीत, फॅलोपियन ट्यूबच्या टोकाला झालरीसारखा जो फिंब्रियाचा भाग असतो तिथल्या एपिथेलियममध्ये सुरू होतात आणि मग ओव्हरीवर येऊन वाढतात, असं आता बहुतेक पॅथॉलॉजिस्ट मानतात. तिथल्या एपिथेलियममधल्या कॅन्सरच्या त्या अगदी सुरुवातीच्या डागाला स्टिक (STIC) म्हणतात. म्हणजे योग्य तुलना ट्यूबच्या एपिथेलियमशी. जीटेक्समध्ये फॅलोपियन ट्यूबचे सॅम्पल अगदी बोटांवर मोजण्याइतके आहेत, त्यामुळे तिथून फार अपेक्षा ठेवू नका. शक्य असेल तर दुसऱ्या कारणाने, म्हणजे फायब्रॉइड वगैरेसाठी ऑपरेशन होऊन ट्यूब काढलेल्या बायकांचं फिंब्रिया, संमती घेऊन, पॅथॉलॉजिस्टने त्यांचं काम झाल्यावर दिलेला तुकडा, हा रस्ता धरा. क्लिअर सेल किंवा एंडोमेट्रिऑइड घेतला असेल तर मात्र ट्यूब नाही, तिथे एंडोमेट्रिऑसिसशी नातं आहे, तेव्हा तुलनाही बदलते.

आणि नॉर्मल मिळतच नसेल तर? तर नॉर्मलशी तुलना करू नका. स्टेज एक विरुद्ध स्टेज तीन, केमोआधी विरुद्ध केमोनंतर, प्लॅटिनमवाल्या केमोला दाद देणारे विरुद्ध न देणारे, असे प्रश्न घ्या. चुकीच्या नॉर्मलपेक्षा हे कितीतरी प्रामाणिक काम.

पायरी ५: सॅम्पल

एथिक्स कमिटीची परवानगी आधी, सॅम्पल नंतर. आयसीएमआरच्या २०१७ च्या गाइडलाइन्स वाचा. संमतीपत्र कोंकणीत आणि मराठीत दोन्ही ठेवा आणि नुसतं सही करून घेऊ नका, वाचून दाखवा, वॉर्डमधल्या बाईला इंग्रजी फॉर्म पुढे करून "इथे सही" म्हणणं बरं दिसत नाही. हे कागद व्हायला वेळ लागतो आणि मध्ये चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आली की आठवडाभर कुणी जागेवर नसतं, तेव्हा अर्ज जुलैमध्येच टाकलेला बरा.

ऑपरेशनमध्ये रक्तवाहिनी बांधली की टिश्यूला ऑक्सिजन मिळत नाही पण तो अजून गरम असतो, पेशी जिवंत असतात, आणि ऑक्सिजन कमी झाला की एचआयएफ-१ नावाचा स्विच चालू होऊन व्हीईजीएफ-ए वर जातो. म्हणजे तुम्ही मोजताय तो व्हीईजीएफ-ए ट्यूमरचा की ट्रेमध्ये पडून राहिलेल्या तुकड्याचा? एचबी-ईजीएफ, फॉस (FOS), जून (JUN) हे जीन्स तर भराभर बदलणारे. म्हणून टिश्यू बाहेर आल्याची वेळ आणि लिक्विड नायट्रोजनमध्ये किंवा आरएनए-लेटर या आरएनए टिकवणाऱ्या द्रवात टाकल्याची वेळ दोन्ही वहीत लिहा, आणि सगळ्या सॅम्पलना साधारण सारखाच वेळ द्या. ट्यूमरला दहा मिनिटं आणि ट्यूबला दीड तास असं झालं तर तुलना गेलीच. आरएनए-लेटरमध्ये टाकताना तुकडे छोटे करा, जाडी अर्ध्या सेंटिमीटरच्या आत, नाहीतर ते आतपर्यंत पोचत नाही.

पेशंटला ऑपरेशनआधी केमो झालाय का ते केसपेपरवर बघा. हल्ली बऱ्याच जणींना आधी केमो देऊन मग ऑपरेशन करतात, आणि त्यानंतरच्या गाठीत मेलेल्या पेशी, फायब्रोसिस, सूज, सगळंच वेगळं. टीसीजीएचे सॅम्पल केमोआधीचे होते, त्यांच्याशी तुमचे केमोनंतरचे लावून बघू नका.

पॅथॉलॉजिस्टला गोड बोलून त्याच तुकड्याची एक स्लाइड बघून घ्या, ट्यूमर पेशी किती टक्के आहेत ते लिहून मागा. आणि उणे ऐंशीच्या फ्रीझरला जनरेटरची लाइन आहे का हे पहिल्याच दिवशी विचारा. पावसाळ्यात लाइट कधी जाईल ते वीज खात्यालाही ठाऊक नसतं.

टिश्यू मिळणारच नसेल आणि सेल लाइनवर (लॅबमध्ये वाढत ठेवलेल्या कॅन्सर पेशींवर) काम असेल तर: पुण्याच्या एनसीसीएस या संस्थेतून मिळतात. सगळे एसकेओव्ही३ आणि ए२७८० च वापरतात कारण त्या पटापट वाढतात, पण २०१३ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये ४७ सेल लाइन टीसीजीएच्या ट्यूमरशी ताडून बघितल्या तेव्हा या दोघी हाय ग्रेड सीरससारख्या दिसल्या नाहीत, कुरामोची आणि ओव्हीएसएएचओ जास्त जवळ निघाल्या. शिवाय एसकेओव्ही३ मध्ये एचईआर२ जीनच्या प्रती मुळातच वाढलेल्या (अँप्लिफाय झालेल्या) आहेत, तेव्हा तिथे एचईआर२ जास्त सापडला यात शोध काही नाही. मीडियामध्ये जो सीरम घालता त्यातच ग्रोथ फॅक्टर भरलेले असतात, त्यामुळे मोजायच्या आधी सीरम काढून किती तास ठेवलं हे ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा.

पायरी ६: आरएनए

यावर व्हिडिओ भरपूर आहेत, थोडक्यात सांगते. प्रकाश शोषण्याचं २६०/२८० हे गुणोत्तर दोनच्या आसपास हवं, २६०/२३० खूप खाली असेल तर आरएनए काढायच्या ट्रायझॉलमधला फिनॉल किंवा मीठ राहिलंय. हे दोन आकडे शुद्धता सांगतात, आरएनए तुटलाय की नाही ते सांगत नाहीत, त्यासाठी आरआयएन (आरएनए किती अखंड आहे त्याचा स्कोर) किंवा निदान जेलवर २८एस-१८एस या रायबोसोमल आरएनएचे पट्टे बघा. उरलेला डीएनए काढायला डीएनेज करा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेत एवढी दमट की अ‍ॅब्सोल्यूट इथेनॉलची बाटली उघडी राहिली तर ते अ‍ॅब्सोल्यूट राहत नाही, छोट्या बाटल्यांत वाटून ठेवा. पॅराफिन ब्लॉकमधला आरएनए तुकडे झालेला असतो, तिथे अँप्लिकॉन (पीसीआरने वाढणारा तुकडा) शंभर बेसच्या आत ठेवा.

पायरी ७: आता प्रायमर, आणि रेफरन्स जीन

व्हीईजीएफ-ए चा एकच आरएनए नसतो, जीनचे तुकडे (एक्झॉन) वेगवेगळे जोडले जातात, म्हणजे स्प्लायसिंग, त्यामुळे १२१, १६५, १८९ असे वेगवेगळे प्रकार निघतात. १२१ मध्ये एक्झॉन ६ आणि ७ दोन्ही नसतात, १६५ मध्ये ६ नसतो. तेव्हा एक्झॉन ७ वर प्रायमर बसवला तर १२१ मोजलाच जाणार नाही आणि तुम्ही म्हणाल व्हीईजीएफ कमी आहे. एकूण मोजायचा असेल तर पहिल्या पाच एक्झॉनमध्ये बसवा. आयजीएफ२ ला अनेक प्रमोटर (आरएनए बनणं जिथून सुरू होतं ते भाग) आहेत आणि तो वडिलांकडून आलेल्या प्रतीवरूनच चालतो, तिथेही पेपरमधला प्रायमर उचलायच्या आधी तो कुठला ट्रान्सक्रिप्ट पकडतो ते बघा.

रेफरन्स जीन म्हणजे सगळीकडे सारखाच राहील असं धरून ज्याच्याशी आपला जीन ताडतो तो, त्यासाठी सगळे जीएपीडीएच घेतात, कारण फ्रीझरमध्ये तोच पडलेला असतो. पण ऑक्सिजन कमी झाला की बऱ्याच पेशींत तोही वर जातो. आकड्यात बघा. सीटी म्हणजे सिग्नल दिसायला लागलेल्या सायकल, आरएनए जास्त तर सीटी कमी. समजा ट्यूमरमध्ये व्हीईजीएफ-ए चा सीटी २४, रेफरन्स २०, फरक ४. ट्यूबमध्ये २७ आणि २०, फरक ७. चारातून सात गेले, उणे ३, म्हणजे दोनाचा तिसरा घात, ८ पट जास्त. आता तोच रेफरन्स ट्यूमरमध्ये स्वतःच एका सीटीने वाढलेला असेल तर तिथे २० ऐवजी १९ येणार, फरक ५, उत्तर उणे २, म्हणजे ४ पट. ट्यूमर तोच, प्रायमर तेच, आणि ८ चे ४ झाले. म्हणून निदान दोन-तीन रेफरन्स घ्या, टीबीपी, एचपीआरटी१, आरपीएलपी० वगैरे, आणि तुमच्याच सॅम्पलमध्ये कोण स्थिर राहतो ते जीनॉर्म किंवा नॉर्मफाइंडर या सॉफ्टवेअरने तपासा.

हे डेल्टा-डेल्टा सीटीचं गणित लिवाक आणि श्मिटगेन यांच्या २००१ च्या पेपरातलं आहे आणि दोन्ही प्रायमरची एफिशियन्सी जवळपास शंभर टक्के आहे, म्हणजे दर सायकलला दुप्पट होतं, असं ते धरून चालतं. दहा-दहा पटीने डायल्यूट करून स्टँडर्ड कर्व्ह काढा, स्लोप उणे ३.३ च्या जवळ हवा. मेल्ट कर्व्हला एकच शिखर, आरएनएऐवजी नुसतं पाणी घातलेल्या प्लेटमधल्या वेलमध्ये काही नको, आरटी (आरएनएचा डीएनए करणारं) एन्झाइम न घातलेला कंट्रोलही लावाच. क्यूपीसीआरसाठीच्या २००९ च्या एमआयक्यूई गाइडलाइन्समध्ये काय काय लिहायचं त्याची यादीच आहे, प्रिंट काढून भिंतीवर लावा.

पायरी ८: हा आरएनए कुणाचा?

अख्खा तुकडा वाटून आरएनए काढणं म्हणजे खतखतं मिक्सरला लावून चव कुठल्या भाजीची ते सांगणं. गाठीत ट्यूमर पेशी आहेत, फायब्रोब्लास्ट आहेत, मॅक्रोफेज, रक्तवाहिन्या, लिंफोसाइट आहेत. एचजीएफ आणि आयजीएफ१ प्रामुख्याने फायब्रोब्लास्टकडून येतात, तर मेट हा रिसेप्टर ट्यूमर पेशीवर असतो. "एचजीएफ जास्त असलेले ट्यूमर" म्हणजे कदाचित फक्त जास्त स्ट्रोमा असलेले ट्यूमर. पायरी ५ मध्ये मागितलेली ती टक्केवारी इथे कामाला येते, टक्केवारी आणि एक्स्प्रेशन यांचा आलेख काढा, सरळ रेघ आली की समजून जा, तो फरक पेशींच्या मिश्रणाचाच आहे. खात्रीच करायची तर स्लाइडवर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (प्रोटीन दाखवणारी) किंवा इन सिटू (आरएनए दाखवणारी) तपासणी, आणि ते परवडत नसेल तर एकेका पेशीचा वेगळा मोजलेला (सिंगल सेल) प्रसिद्ध झालेला डेटा उघडून कुठली पेशी हा जीन बनवते एवढं तरी बघा.

प्रोटीनची गोष्ट आणखी वेगळी. व्हीईजीएफ पेशीबाहेर सोडला जातो, जलोदराचं पाणी असेल तर त्यात एलायझा या प्रोटीन मोजायच्या चाचणीने मोजता येतो. एचबी-ईजीएफ आधी पेशीच्या पडद्यावर चिकटलेला असतो, तो कापून सुटा व्हावा लागतो, आणि जलोदराच्या पाण्यातला एलपीए नावाचा लिपिड ते कापणं वाढवतो. आरएनए तेवढाच राहून सिग्नल वाढू शकतो, क्यूपीसीआरला त्याचा पत्ताही लागणार नाही.

पायरी ९: निष्कर्ष लिहिताना हात आखडता ठेवा

दहा जीन मोजले तर एखादा योगायोगानेही महत्त्वाचा दिसतो, म्हणून सुधारित पी-व्हॅल्यू काढा, बेंजामिनी-हॉचबर्गची पद्धत पुरते. सर्व्हायव्हलचा कर्व्ह काढताना पेशंट "हाय" की "लो" हे ठरवणारा कटऑफ आधी ठरवा. असे कर्व्ह काढून देणाऱ्या साइटवर "ऑटो सिलेक्ट बेस्ट कटऑफ" असं बटण असतं, ते दाबलं की जवळपास कुठलाही जीन महत्त्वाचा दिसू शकतो.

आणि औषधाबद्दल उड्या नकोत. बेव्हासिझुमॅब हे व्हीईजीएफ-ए ला पकडणारं औषध, ओव्हरियन कॅन्सरमधल्या त्याच्या दोन मोठ्या ट्रायल २०११ मध्ये आल्या, ते वापरातही आहे, पण गाठीतला व्हीईजीएफ-ए आरएनए मोजून ते कुणाला द्यायचं असं रोजच्या प्रॅक्टिसमध्ये ठरवत नाहीत. ईजीएफआर तर ओव्हरियन कॅन्सरमध्ये बऱ्याचदा दिसतो, तरी केमोनंतर एर्लोटिनिब चालू ठेवून बघितलेल्या मोठ्या ट्रायलमध्ये, निकाल २०१४ चा, पेशंटना फायदा झाला नाही. तेव्हा "हा जीन वाढलाय म्हणून हे औषध चालेल" असं रिपोर्टात लिहू नका, आणि नातेवाईकांनी विचारलं तर अजिबात सांगू नका, त्यांना ऑन्कोलॉजिस्टकडेच पाठवा.

रिझल्टचं वाक्य असं असावं: केमो न झालेल्या हाय ग्रेड सीरस ट्यूमरमध्ये, ट्यूमर पेशी सत्तर टक्क्यांच्या वर असलेल्या तुकड्यांत, एकूण व्हीईजीएफ-ए आरएनए फिंब्रियाच्या एपिथेलियमच्या तुलनेत इतके पट, तीन रेफरन्स जीन धरून. गाइड म्हणतील फार लांब झालं, कापून टाक. थीसिसच्या टायटलमधून कापा हवं तर, रिझल्टमधून कापू नका.